जरी सगळे अडखळले तरी

बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या चौथ्या अध्यायात एक व्यापारी बोलतो, तो मला थेट आमच्या इंदूरचा वाटतो. आज नाहीतर उद्या अमक्या गावी जाऊ, वर्षभर तिथे राहू, धंदा करू, चार पैसे गाठीला बांधू. सियागंजात एखाद्या पेढीवर घटकाभर बसलं तरी हे बोलणं कानावर येतं. छावणीच्या धान्यबाजारात सोयाबीन साठवून बसलेला माणूसही हेच म्हणतो, दिवाळीनंतर भाव चढणारच. याकोब या माणसाला इथे चोर म्हणत नाही. त्याचं माप खोटं आहे असंही म्हणत नाही. तो एवढंच विचारतो की बाबा रे, उद्या काय होणार हे तुला ठाऊक आहे का? तू तर क्षणभर दिसून विरून जाणारी वाफ. ‘प्रभूची इच्छा असेल तर आपण जगू आणि हे करू’ असं म्हणायचं सोडून तू फुशारकी मारतोस, आणि असली सगळी फुशारकी वाईट.

इतक्या साध्या बोलण्यात फुशारकी कुठून आली? त्या माणसानं स्वतःची स्तुती केलेली नाही, कुणाला हिणवलेलं नाही. पण त्याच्या वाक्यातली सगळी क्रियापदं त्याच्या एकट्याच्या हातात आहेत. जाऊ, राहू, करू, कमावू. त्यात ज्यानं श्वास दिला तो नाही, आणि ज्यांच्या जिवावर धंदा चालायचा तो हमाल, तो गाडीवान, तो शेतकरीही नाही. ख्रिस्ती शिकवणीत गर्वाचा धोका इथून सुरू होतो असं मी मानते. छाती फुगवून मिरवणं फार पुढचं. त्याच्या कितीतरी आधी माणूस आपल्या हिशेबातून दोघांना वगळतो, एक देणारा आणि दुसरा शेजारी उभा असलेला.

माझे आजोबा नगरकडून इंदूरला आले, एका दवाखान्यात कंपाउंडर म्हणून. सुट्टीत गावी गेले की तिथून ते घरी पोस्टकार्डं लिहायचे. त्यांतली काही आत्याकडे पत्र्याच्या डब्यात अजून आहेत. बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर, आणि जागा वाया जाऊ नये म्हणून ओळीला खेटून ओळ. मंगळवारी सकाळी निघेन, मनमाडला गाडी बदलेन, खांडव्याला छोट्या गाडीत बसेन, बुधवारी पोचेन, सोबत तुपाचा डबा आहे तेव्हा कुणीतरी स्टेशनवर या. सगळं कसं बारकाईनं ठरवलेलं. आणि प्रत्येक बेतापाशी ‘प्रभूची इच्छा असल्यास’. एका कार्डावर आत्याच्या लग्नाची तारीख आहे. ती लिहिताना हे शब्द राहून गेले असावेत, कारण दोन शब्दांच्या मध्ये खालून बाण काढून ते वर बारीक अक्षरात घातलेत. शाईसुद्धा वेगळी आहे, थोडी फिकी. म्हणजे कार्ड लिहून झाल्यावर, कदाचित टपालात टाकायच्या आधी पुन्हा वाचताना त्यांना ते आठवलं असणार. ते कार्ड हातात घेतलं की मला याकोब कळतो. आजोबा घाबरट नव्हते, नशिबावर हवाला टाकून बसणारेही नव्हते. गाड्यांची वेळापत्रकं त्यांना तोंडपाठ असायची. पण तारीख आपल्या मालकीची नाही, एवढं त्यांना पत्रात नोंदवायचं होतं.

ठिकठिकाणच्या ख्रिस्ती मंडळ्यांना पत्रं लिहिणारा प्रेषित पौलही बेत आखायचा. रोमच्या मंडळीला लिहिताना तो सांगतो की तुमच्याकडे येईन आणि तुमच्याकडून पुढे स्पेनला जाईन. रोमला तो पोचला, पण बेड्या घालून, कैसरापुढे न्याय मागणारा कैदी म्हणून. त्याची घाई, त्याची जिद्द, नकाशे डोळ्यांपुढे धरून चालणं, यातलं काहीच शास्त्रात पाप ठरलेलं नाही. म्हणून ‘ख्रिस्ती माणसानं महत्त्वाकांक्षा धरू नये’ असं कुणी तरुण मुलांना सांगतं तेव्हा मला ते खटकतं. भंवरकुआंच्या क्लासमध्ये रात्र रात्र अभ्यास करणाऱ्या पोराला ‘मी पास होणार’ असं वाटणं हा गर्व नव्हे. दावीद धिप्पाड योद्ध्या गल्याथासमोर उभा राहिला तेव्हा त्याच्या बोलण्यात काही कमी आत्मविश्वास नव्हता. सिंह मारलाय, अस्वल मारलंय, हेही त्यानं शौल राजाला स्वच्छ सांगितलं. फक्त सिंहाच्या पंजातून कुणी सोडवलं, हे त्यानं त्याच दमात सांगितलं.

मराठीत आपण चटकन म्हणतो, गर्वाचं घर खाली. म्हण खरी आहे. नीतिसूत्रांतही तेच आहे, नाशाच्या आधी गर्व चालतो. पण या म्हणीचा उलटा वापर फार होतो, आणि चर्चमध्येही होतो. घर खाली आलेलं दिसलं की तिथे गर्व असणारच, असं ठरवून टाकायचं. आमचा राजवाडा १८०१, १९०८ आणि १९८४ असा तीनदा आगीत सापडला. त्यावरून होळकरांच्या अहंकाराचा धडा काढणारा उपदेश मी ऐकलेला आहे, आणि तो मला मुळीच पटला नाही. येशूच्या काळात शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं दगावली. लोकांना वाटलं, ती इतरांपेक्षा जास्त अपराधी असतील. येशूनं ते साफ नाकारलं आणि ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करायला सांगितलं. दुसऱ्याच्या पडझडीकडे बोट दाखवून ‘बघा, गर्व केला आणि गेला’ म्हणणाऱ्याच्या मनात ‘मी मात्र उभा आहे’ हे आलेलंच असतं. पौलानं करिंथकरांना बजावलं ते यासाठीच. आपण उभे आहोत असं ज्याला वाटतं, त्यानं पडू नये म्हणून सांभाळावं.

करिंथ हे शहर इंदूरच्या माणसाला समजायला सोपं. रोमनांनी ते इसवी सनापूर्वी १४६ मध्ये बेचिराख केलं, शंभर वर्षांनी ज्युलियस सीझरनं पुन्हा वसवलं. दोन्ही बाजूंना बंदरं, त्यामुळे व्यापाराची भरभराट, नवा पैसा, आणि स्वतःच्या हिमतीवर वर आलेली माणसं. अशा शहरातल्या मंडळीत गट पडले. मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा. आपला गुरू मोठा म्हणजे आपणही मोठे. पौल त्यांना विचारतो, जे तुला मिळालेलं नाही असं तुझ्यापाशी आहे तरी काय? आणि सगळं मिळालेलंच असेल, तर मिळालं नसल्यासारखा अभिमान का बाळगतोस? चौथ्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीन या ओळीपाशी थबकला आणि नंतर आयुष्यभर तिच्याकडे परत परत आला. माझा विश्वाससुद्धा मला मिळालेला आहे, तेव्हा त्याचीही फुशारकी नको, असं त्याचं म्हणणं.

ही ओळ मी चर्चमध्ये पाठ केली, पण तिचं एक चित्र मला शाळेत मिळालं होतं. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ राज्य चालवलं, आणि त्यांच्या हुकुमांवर स्वतःचं नाव नसे. ‘श्रीशंकर आज्ञेवरून’ असं असे. त्या आमच्या आजोबांच्याच जिल्ह्यातल्या, चौंडीच्या. देव त्यांचा वेगळा, माझा वेगळा, आणि हा फरक मी पुसू पाहत नाही. पण राज्य आपलं नाही, आपण कुणाच्या तरी वतीनं ते सांभाळतो, हे कागदावर रोज लिहिणारी बाई ज्या शहरानं पाहिली, त्या शहरात पौलाचा प्रश्न परका वाटायला नको. शास्त्यांच्या पुस्तकात गिदोनाकडे लढाईसाठी बत्तीस हजार माणसं जमली तर देवानं ती तीनशेवर आणली. कारण स्पष्ट दिलंय, ‘आमच्याच हातानं आम्ही सुटलो’ अशी बढाई इस्राएलनं मारू नये.

पण गर्वाबद्दल मला सगळ्यात जास्त येशूच्या शिष्यानं, पेत्रानं शिकवलं.

वल्हांडण सणाचं, येशूसोबतचं शेवटचं भोजन झालंय, स्तोत्र म्हणून मंडळी जैतुनांच्या डोंगराकडे निघालीत. येशू सांगतो, तुम्ही सगळे अडखळाल. पेत्र म्हणतो, जरी सगळे अडखळले तरी मी अडखळणार नाही. उपदेशात नेहमी या वाक्याच्या उत्तरार्धावर बोललं जातं, बघा कसा भरवसा होता आणि कोंबडा आरवायच्या आत काय झालं. मला त्याचा पूर्वार्ध जास्त बोचतो. ‘जरी सगळे.’ योहान, याकोब, अंद्रिया, त्याचा सख्खा भाऊ, सगळे तिथेच चालत होते. त्यांच्या कानांवर हे पडलं. आपली निष्ठा सांगण्यासाठी पेत्राला त्या सगळ्यांना पाडावं लागलं. नुसतं ‘प्रभू, मी तुला सोडणार नाही’ म्हटलं असतं तर ते प्रेमाचं बोलणं झालं असतं. आणि आपण विसरतो, शुभवर्तमान लिहिणारा मार्क लगेच पुढे लिहितो की बाकीचेही तसंच म्हणाले. एकानं बढाईचा सूर लावला की बाकीच्यांना मागे राहवत नाही. काही तासांनी ते सगळे पळाले.

महायाजकाच्या वाड्यात पेत्राला गाठलं ते कुणा शिपायानं नव्हे, एका दासीनं. थंडी होती, चाकरांनी कोळशाचा विस्तव पेटवला होता, तो तिथे शेकत उभा राहिला आणि तीनदा म्हणाला की मी त्याला ओळखत नाही. लूक सांगतो, तेव्हा प्रभूनं वळून पेत्राकडे पाहिलं. ही गोष्ट बाहेर कुणी सांगितली असेल? दुसऱ्या शतकातला पापियास म्हणतो की मार्कानं पेत्राच्या सांगण्यावरून लिहिलं. ते मानलं तर आपली बढाई आणि आपलं पडणं जगापुढे मांडणारा पेत्र स्वतःच होता.

पुनरुत्थानानंतर गालीलच्या सरोवरापाशी पुन्हा कोळशाचा विस्तव आहे. त्यावर मासे, भाकर. जाळ्यात एकशे त्रेपन्न मासे आलेत, योहानानं आकडा जपून लिहिलाय. खाणं झाल्यावर येशू पेत्राला त्याच्या मूळ नावानं विचारतो, शिमोना, तू माझ्यावर ह्यांच्यापेक्षा अधिक प्रेम करतोस का? त्याच जागेवर बोट ठेवलंय. आणि पेत्राच्या उत्तरात ‘ह्यांच्यापेक्षा’ नाही. होय प्रभू, मी प्रेम करतो हे तुला ठाऊक आहे, एवढंच. स्वतःच्या मनाची खात्री तो आता स्वतः देत नाही, तुला ठाऊक आहे म्हणतो. तरी येशू त्याला घरी पाठवत नाही. माझी कोकरं चार, असं म्हणून त्याच्याच हाती काम देतो. गर्विष्ठ माणसाला लाज आणून गप्प बसवणं हा येशूचा हेतू असता तर ही जागा किती सोयीची होती!

मला या अध्यायाचा त्यापुढचा भाग तितकाच आवडतो. इतकं सगळं होऊन चार पावलं चालत नाहीत तोच पेत्र मागे वळून योहानाकडे बघतो आणि विचारतो, प्रभू, ह्याचं काय? तुलनेची सवय अशी एका रडण्यानं जात नाही. येशू म्हणतो, तुला काय त्याचं? तू माझ्यामागे ये.

तुलनेचा हा रोग भक्तीत शिरला की ओळखू येत नाही. येशूच्या दाखल्यातला, मंदिरात प्रार्थनेला उभा राहिलेला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातला माणूस, आठवा. आठवड्यातून दोनदा उपास, मिळकतीचा दहावा भाग दान. तो खोटं बोलत नाही. शिवाय तो देवाचे आभार मानतो! ‘देवा, मी तुझे आभार मानतो की मी इतरांसारखा नाही, ह्या जकातदारासारखाही नाही.’ म्हणजे श्रेय देवाला दिलेलं आहे, शब्दांत कुठे चूक नाही, आणि तरीही नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार. मार्सेलला मठ स्थापन केलेल्या कासियाननं पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पोकळ मोठेपणाबद्दल लिहिताना वडीलधाऱ्या साधूंचं एक निरीक्षण दिलंय की हा कांद्यासारखा असतो. एक पापुद्रा काढावा तर खाली दुसरा तयार. चांगले कपडे सोडले तर फाटक्या कपड्यांचा अभिमान, बोलणं सोडलं तर मौनाचा.

आमच्या प्रार्थनासभांत साक्ष देण्याची पद्धत आहे. देवानं आयुष्यात काय केलं ते उभं राहून सांगायचं. ही पद्धत मला फार प्रिय आहे, साध्या माणसाला सभेत उभं राहून बोलायची जागा तिनंच दिली. पण अलीकडे काही साक्षींमध्ये देवाची कृपा फ्लॅटच्या चौरस फुटांत आणि मुलाच्या परदेशी पगारात मोजली जाते. मागच्या बाकावर बसलेल्या, ज्याचा मुलगा तिसऱ्यांदा नापास झालाय, त्याला ती साक्ष काय सांगते? तुझ्यावर कृपा कमी पडली. पौलानं करिंथकरांना स्वतःची साक्ष दिली ती वेगळी होती. रोमी सैन्यात शत्रूच्या तटावर पहिल्यांदा चढणाऱ्या शिपायाला सोन्याचा मुकुट मिळायचा. पौल सांगतो की दिमिष्कात, म्हणजे दमास्कसमध्ये, माझ्यावर पहारा होता तेव्हा मला खिडकीतून पाटीत बसवून तटावरून खाली सोडलं, आणि मी निसटलो. पाटीचा दोर धरणारे हात दुसऱ्यांचे होते.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. एकोणिसाव्या शतकात नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेल्यांत महार आणि मांग समाजातली कुटुंबं मोठ्या संख्येनं होती. माझे पणजोबा त्यांतलेच. त्यांना मान खाली घालायला वेगळं शिकवावं लागलं नव्हतं, गावानं ते पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं होतं. शुभवर्तमानानं त्यांना मान वर करायला शिकवलं. म्हणून नम्रतेचा उपदेश कोण करतंय आणि कुणाला करतंय, हे मी आधी बघते. ज्या याकोबानं व्यापाऱ्याला दटावलं, त्याच याकोबाच्या पहिल्या अध्यायात लिहिलंय की दीन बांधवानं आपल्या उच्चपणाचा अभिमान बाळगावा, आणि श्रीमंतानं आपल्या दीनपणाचा. दोघांना अभिमानाची मुभा आहे, पण दोघांची तोंडं उलट दिशांना वळवलीत. येशूची आई मरीया हिच्या गीतात देव गर्विष्ठांची दाणादाण करतो आणि त्याच वेळी दीनांना उंच करतो. यातलं एकच अर्धं घेऊन दीनांनाच पुन्हा नम्रता शिकवणारी मंडळी शास्त्राशी प्रामाणिक नाही, हे मी ठामपणे म्हणते.

आमच्या महिलांच्या सभेला येणाऱ्या एक ताई रात्रपाळीला रस्ते झाडतात. २०१७ पासून स्वच्छतेत इंदूर पहिलं येत आलंय, आणि त्याचा अभिमान नसलेला इंदूरकर मी पाहिलेला नाही. मलाही आहे. आपण शहर स्वच्छ केलं, असं आम्ही सगळेच म्हणतो. सराफ्यात मध्यरात्री भुट्ट्याचा कीस आणि जिलबी खाऊन घरी गेलेलेही म्हणतात. तर अशाच एका सभेत या ताई साक्षीला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “राजवाड्यापासून सराफ्यापर्यंतचा रस्ता मी झाडते. हे शहर मी स्वच्छ ठेवलंय.” एका वडीलधाऱ्या बाईंनी लगेच दुरुस्त केलं, “असं ‘मी’ म्हणू नये गं, प्रभूनं केलं म्हणावं.” ताई ओशाळल्या आणि बसायला लागल्या.

मी उठले. काकू, माफ करा, पण याकोब पहिला अध्याय, नववी ओळ मला वाचू द्या, असं म्हणून ती मोठ्यानं वाचली. मग परूश्याबद्दलही बोलले, की ‘देवा, तुझे आभार’ हे शब्द त्याच्याही तोंडी होते. काकूंना ते लगेच पटलं असं नाही. त्या म्हणाल्या, सवय लागली तर उद्या कुणीही उठून ‘मी’ ‘मी’ करेल. त्यांची भीती खोटी नाही. पण त्यांनीच ताईंचा हात धरला आणि म्हणाल्या, सांग गं, पुरं कर तुझं.

ताईंनी मग रंगपंचमीची गेर, ती रंगांची मिरवणूक, संपल्यावरचा राजवाडा सांगितला. रंगाचा चिखल, चपलांचे ढीग, फुटलेल्या पिचकाऱ्या, पायांखाली निसरडं झालेलं सगळं. कोण आधी खराटा मारतं, टँकरवर कुठली मुलं असतात, गुडघा दुखणाऱ्या एका बाईचा पट्टा बाकीच्या आपापसांत कसा वाटून घेतात, ते सांगताना त्यांनी आपल्या टोळीतल्या एकेकीचं नाव घेतलं. शेवटी म्हणाल्या, “प्रभूनं आम्हाला हात दिलेत बघा.” समारोपाच्या प्रार्थनेत काकूंनी ती सगळी नावं घेतली. एक विसरल्या, तर ताईंनी मध्येच आठवण करून दिली.